पश्चिमेची भिंत

दरवर्षी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मी वरच्या मजल्यावरची पश्चिमेची भिंत रंगवून घेतो. बाकीच्या तीन तशाच राहतात. जव्हारला पाऊस पश्चिमेच्या अंगानं येतो, वाऱ्यासकट, आडवा, आणि सप्टेंबर संपेपर्यंत त्या भिंतीला कोरडं होऊ देत नाही. वर्षाचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. जुनी माणसं पावसाळ्याआधी घराच्या या बाजूला पेंढ्याची नाहीतर पानांची झड बांधायची. आम्ही सिमेंटची घरं बांधली आणि झड बांधायचं सोडलं. ओलीनं काही आम्हाला सोडलं नाही. दिवाळीनंतर भिंत वाळते, पोपडे धरते, खाली पिवळट नकाशा उरतो. बारावीचा निकाल लागून पोरं खोल्या बघायला निघायच्या आत मी पोपडे खरवडून घेतो, पुट्टी भरतो आणि वर फिकट निळा डिस्टेंपर मारून घेतो. खोली नव्यासारखी दिसते. मुलाबरोबर आलेला बाप म्हणतो, "स्वच्छ आहे हो सर." मी म्हणतो, "ठेवतो आपण."

पहिल्या मोठ्या पावसानंतर पंधरा दिवसांत नकाशा परत वर येतो. तोवर डिपॉझिट माझ्या खिशात गेलेलं असतं.

हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. रंगाऱ्याला माहीत आहे, पण तो बोलत नाही. त्याचंही दरवर्षीचं ठरलेलं काम आहे.

लिहायला बसलो त्याला निमित्त झालं एका भाषणाचं. जानेवारीत एका कनिष्ठ महाविद्यालयात बारावीच्या मुलांसाठी कार्यक्रम होता. बाहेरगावी शिकायला जाताना काय तयारी करायची, असा. कोणी शिष्यवृत्तीच्या अर्जांवर बोललं, कोणी स्पर्धा परीक्षांवर. माझ्या वाट्याला विषय आला, खोली भाड्यानं घेताना काय पाहावं. आमच्या जव्हार-मोखाड्याची पोरं बारावीनंतर नाशिकला जातात, पालघर-वसईला जातात, कोणी कल्याणला. खोडाळ्याकडची, वाशाळ्याकडची काही जव्हारलाच येतात. शासकीय वसतिगृहं आहेत, पण सगळ्यांना जागा पुरत नाही. उरलेल्यांना खोली शोधावी लागते. मी पस्तीस वर्षं शिकवलं, त्यातली बरीच आश्रमशाळेत, आणि २०११ पासून घरावरच्या तीन खोल्या विद्यार्थ्यांना भाड्यानं देतोय. या विषयाला माझ्याहून लायक वक्ता त्यांना कुठून मिळणार होता?

बोललो बरं. म्हटलं, खोली भर उन्हात बघायला जाऊ नका, उन्हात कुठलीही खोली चांगलीच दिसते. दिवेलागणीला जा, म्हणजे जिन्यात दिवा आहे की नाही तेही कळतं. मालकाला 'पाणी आहे का' असं विचारू नका, कुठलाच मालक नाही म्हणत नाही. मोरीत डोकावून बघा. भरलेल्या बादल्या आणि ड्रम ओळीनं ठेवलेले दिसले की समजायचं, नळ तासभरच चालतो. भिंतीला तळहात सपाट लावा, गार आणि दमट लागला तर ओल आहे. एकाच भिंतीचा रंग ताजा आणि बाकीच्या तिघींचा जुना असेल तर का, ते विचारा. दाराला आतून कडी हवी, बाहेरून कुलूप लागतं एवढ्यावर भागत नाही. मुलींनी खिडकीचे गज हलवून बघावेत. संडास बाहेर असेल तर रात्री तिथवर जायच्या वाटेवर उजेड आहे का, ते आधी पाहावं. सबमीटर असेल तर राहायला जायच्या दिवशी आकडा वहीत लिहा आणि मालकाची सही घ्या. नसेल तर विजेचे पैसे कसे धरणार ते बोलून घ्या. आधीचे खिळे, फुटकी फरशी, तडकलेली काच, सगळ्याचे मोबाईलवर फोटो काढून मालकालाच पाठवून ठेवा. आणि हे सगळं जमलं नाही तरी एक करा, आधी राहून गेलेल्या पोराला गाठा. डिपॉझिट परत मिळालं का, एवढंच विचारा.

पोरं लिहून घेत होती. आभार मानताना कोणीतरी म्हणालं, सरांचा अनुभव दांडगा आहे. दांडगा आहेच. चोराच्या वाटा चोराला ठाऊक. मी सांगितलेल्या गोष्टींतली एकही मला भाडेकरू म्हणून कळलेली नव्हती, सगळ्या घरमालक म्हणून कळल्या होत्या. ताज्या रंगाची भिंत माझीच. ड्रमांची ओळ माझ्याच वरच्या मोरीतली. जिन्यातला दिवाही माझाच, जो दोन वर्षं गेलेला होता. साठ-सत्तर रुपयांचा एलईडी. तेव्हा वर राहणाऱ्या दोन मुलींनी चारदा सांगितलं, मी चारदा 'आणतो' म्हणालो. शेवटी त्यांनीच आणून लावला, आणि खोली सोडताना काढून नेला. तेव्हा मला त्यांचा राग आला होता.

आमच्या मोखाड्यात बोहाडा होतो. देवाचं सोंग घेतलेला माणूस रात्री मुखवटा चढवून वाजंत्रीवर नाचतो, लोक त्याच्या पाया पडतात, आणि उजाडल्यावर तो मुखवटा उतरवून आपल्या कामाला लागतो. त्यात फसवणूक नसते, कारण मुखवट्याआड कोण आहे हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. माझ्या त्या दिवशीच्या सोंगाआड कोण आहे हे मात्र कोणालाच ठाऊक नाही, अशा भरवशावर मी बोलत होतो.

प्रश्न विचारा, असं सांगितल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "सर, मालक भाड्याचा कागदच करून देत नसेल तर काय करायचं?"

मी कलम ५५ सांगितलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ सालचा, ३१ मार्च २००० पासून लागू. करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवून घ्यायची जबाबदारी मालकाची, भाडेकरूची नव्हे. मालकानं ते केलं नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि अटींवरून वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. नाशिकला खोली घ्याल तेव्हा हे लक्षात ठेवा, म्हटलं. तिनं 'कलम ५५' वहीत लिहिलं, खाली रेघ मारली आणि बसली.

घरी येताना रिक्षात माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही त्याची बहीण. दोघांची हनुवटी एक. तिचा भाऊ दोन वर्षं माझ्या मधल्या खोलीत राहून गेला होता, आणि त्याला मी कागद करून दिला नव्हता.

त्याला तो कागद कशाला हवा होता, ते सांगायला हवं. वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी २०१६ साली पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आली. जेवण, राहणं आणि किरकोळ खर्च यांचे पैसे थेट मुलाच्या बँक खात्यात. सुरुवातीला ठरलेले आकडे असे होते: मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६० हजार, नाशिकसारख्या ठिकाणी ५१ हजार, जिल्ह्याच्या गावी ४३ हजार. पुढं ती तालुक्याच्या गावांपर्यंत आली. ५१ हजारांत राहण्याचे १५ हजार धरलेले, म्हणजे दहा महिन्यांचं म्हटलं तर महिन्याला दीड हजार. दीड हजारात नाशकात एका माणसाला आख्खी खोली मिळत नाही, तिघांत मिळून मिळते. पण ज्याचा बाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातो त्याच्यासाठी ते दीड हजार म्हणजे शिक्षण चालू राहणं. आणि ते मिळवायचे तर आपण भाड्याच्या खोलीत राहतो याचा पुरावा जोडावा लागतो.

तो माझ्याकडे तीनदा आला. पहिल्यांदा मी म्हणालो, बघू. दुसऱ्यांदा म्हणालो, माझ्या ओळखीचे वकील आहेत, त्यांना विचारतो. तिसऱ्यांदा तो खाली आला तेव्हा मी जेवत होतो. तो दारात उभा राहिला आणि काहीच बोलला नाही. मी म्हणालो, "अरे, कागदाशिवाय तुझं काय अडलंय? मी तुला काढतोय का?"

त्या वर्षी त्याचा अर्ज अपुरा राहिला. दुसऱ्या वर्षी त्यानं दुसऱ्या कुणाच्या तरी घराचा कागद मिळवला आणि राहिला माझ्याकडेच. मला ते कळलं, मी कळलं नाहीसं केलं.

मी कागद का दिला नाही? त्या रात्री मी स्वतःला हे विचारलं तेव्हा पहिलं उत्तर आलं ते खर्चाचं. ते खोटं निघालं. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, नोंदणीची फी शहरात हजार रुपये, खेड्यात पाचशे. माझं एका खोलीचं भाडं अठराशे. सगळा खर्च एका महिन्याच्या भाड्यात बसला असता. दुसरं उत्तर आलं, कूळ लागेल. आपल्याकडे हे भूत फार जुनं आहे. कागदावर नाव आलं की जागा गेली, ही भीती बापानं मुलाला दिलेली असते. पण अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्सचा करार असतो तोच मुळी यासाठी, की राहणाऱ्याला कुळाचा हक्क मिळू नये. तो कागद त्याच्याइतकाच माझ्याही उपयोगाचा होता. हे मी भाषणात सांगू शकत होतो, म्हणजे मला माहीत होतं. तिसरं उत्तर सर्वांत खाली बसलेलं होतं. कागद झाला की भाडं दिसतं, आकडा ठरतो, डिपॉझिटची रक्कम लिहिली जाते. मग ऑगस्टमध्ये दोनशे वाढवता येत नाहीत आणि मे महिन्यात पाचशे कापता येत नाहीत.

माझ्या वडलांनी आयुष्यभर एका कागदासाठी खेटे घातले. खोडाळ्याजवळच्या आमच्या पाड्यावर ते जंगलजमीन कसत होते, आजोबाही तीच कसत होते. कागद नव्हता. वनहक्काचा कायदा २००६ साली झाला आणि पुढं ते थकले तेव्हा कुठं पट्टा हातात आला. त्यांनी तो प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घातला, वर सुतळी बांधली आणि पत्र्याच्या पेटीत माझ्या आईच्या लुगड्याखाली ठेवला. वाचता येत नव्हतं, तरी आठ-पंधरा दिवसांनी काढून बघायचे. ती पेटी आता माझ्याकडे आहे. वरच्या मजल्यावरच्या पोराला मी 'कागदाशिवाय तुझं काय अडलंय' असं म्हणालो तेव्हा ती माझ्या पाठीमागे, कॉटखाली होती.

पाण्याचंही तसंच. मुंबईला पाणी पाजणारं मध्य वैतरणा धरण मोखाड्यात कोचाळ्याला आहे, आणि उन्हाळ्यात त्याच मोखाड्याच्या पाड्यांवर बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. यावर मी दरवर्षी मार्चमध्ये वर्गात तावातावानं बोलायचो. माझी आई झऱ्यावरून तीन हंडे एकावर एक घेऊन चढ चढायची, ते सांगायचो. आणि घरी येऊन वरच्या मजल्याचा कॉक बंद करायचो. सकाळी सहा ते सात वर पाणी, नंतर फक्त खाली. टाकी एकच आहे. खाली आम्ही दोघं, वर सहा मुलं. तळमजला ही मुंबई आणि वरचा मजला मोखाडा, असा हिशेब मीच माझ्या घरात करून ठेवला होता. एकदा खोडाळ्याकडचा एक पोरगा जिन्यात मला हसत म्हणाला, "सर, गावाला असल्यासारखंच वाटतं इथं." मला तेव्हा ते कौतुक वाटलं होतं.

विजेचं मी थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं फारसं नाही: मला युनिट ज्या भावानं पडतं त्याहून जास्त भावानं मी ते वर विकत होतो. २०२० च्या टाळेबंदीचंही सांगून टाकतो. पोरं गावी निघून गेली, खोल्या कुलूपबंद. मी अर्धं भाडं घेतलं आणि त्याला सवलत म्हटलं. एकाच्या बापानं ते मनिऑर्डरसारखं, कोणाच्या तरी हाती, घडी घातलेल्या नोटांत पाठवलं.

सुकटीचं जरा सविस्तर सांगायला हवं, कारण त्यात माझी खरी जात दिसते. मी जन्माचा आदिवासी, नागलीची भाकर आणि तव्यावर भाजलेली सुकट यावर वाढलेला माणूस. पावसाळ्यात ओढ्यातले खेकडे धरायला माझ्याइतका तरबेज पाड्यावर कोणी नव्हता. पण खोल्या काढल्या तेव्हा मी एक पाटी लिहून जिन्याच्या तोंडाशी लावली. पाहुणे नकोत, रात्री नऊनंतर बाहेर नको, गच्चीवर कपडे वाळत घालू नयेत. आणि चौथं, सुकट-बोंबील शिजवू नयेत. शेजारी चार सुशिक्षित घरं आहेत, त्यांना वास जातो, असं मी कारण दिलं. शेजाऱ्यांनी कधीही तक्रार केलेली नव्हती. वास मला जात होता. त्या वासानं मी कुठून आलो ते मला आठवत होतं, आणि निवृत्त व्हायला आलेल्या, दुमजली घर बांधलेल्या माणसाला ते संध्याकाळी सात वाजता आठवायला नको होतं.

गच्चीवर कपडे नकोत, म्हणून पोरांनी खोलीत दोरी बांधली. जव्हारच्या पावसाळ्यात कपडे वाळवायचे कुठं? दोरीसाठी दोन खिळे मारले. खोली सोडताना मी खिळ्यांचे पाचशे कापले. दोन हजारांतले पाचशे. पोरगा म्हणाला, "सर, एका खिळ्याचे अडीचशे?" मी म्हणालो, प्लास्टर करावं लागतं. प्लास्टर केलं नाही. त्या खिळ्यांना पुढच्या पोरांनी दोरी बांधली.

आता ते, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहितो आहे आणि जे इतका वेळ टाळत आलो.

१९८१ साली मी बारावी होऊन नाशिकला गेलो. मोखाड्याहून एसटी, तोरंगणचा घाट, त्र्यंबक, मग सीबीएस, म्हणजे नाशिकचं एसटी स्टँड. हातात गोधडीचं गाठोडं आणि तांदळाची पिशवी. वसतिगृहात नाव लागलं नव्हतं. तीन दिवस मी खोल्या शोधल्या, झोपलो एसटी स्टँडवर. माणसं वाईट वागली नाहीत. बसा म्हणाली, पाणी दिलं. मग आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, आणि मग प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एकच बदल झाला. 'अहो, कालच दिली बघा.' सुरुवातीला मी ते खरं मानलं. एका दिवसात सहा खोल्या काल दिल्या गेल्या, हे मला चौथ्या दारापर्यंत संशयास्पद वाटलं नाही. शेवटी पंचवटीत एका जुन्या वाड्याचा माळा मिळाला. म्हातारे मालक होते, त्यांनी आडनाव विचारलंच नाही. "दिवा किती वाजता मालवणार?" एवढं विचारलं, आणि मी दहा म्हणालो तर म्हणाले, "मग पास कसा होणार?" त्या माळ्यावर उभं राहता येत नव्हतं. मी तीन वर्षं वाकून राहिलो आणि मला त्या घराबद्दल आजही काही वावगं बोलता येत नाही. भाषणात मी हा प्रसंग सांगतो. नेहमी सांगतो. पोरांना आवडतो.

२०१९ च्या जूनमध्ये, पावसाला नुकती सुरुवात झाली होती, एक बाप मुलाला घेऊन माझ्या ओट्यावर आला. बापाच्या डोक्यावर प्लास्टिकची खोळ, मुलाच्या हातात कागदपत्रांची फाईल. मुलगा बारावी झाला होता, जव्हारलाच पुढं शिकणार होता. बाप भट्टीवरून परतला होता, नखांत अजून माती होती. "गुरुजी, पोऱ्याला खोली पाहिजे."

मी म्हणालो, "कुठले?"

आमच्याकडे आडनाव विचारावं लागत नाही, पाड्याचं नाव पुरतं. कुठला पाडा कोणाचा, हे इथल्या प्रत्येकाला पाठ असतं. त्यानं पाड्याचं नाव सांगितलं आणि मला कळलं, कातकरी.

सरकारच्या कागदावर कातकरी हा महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांतला एक आहे, कोलाम आणि माडिया गोंडांबरोबर. आमच्या तोंडी मात्र त्यांच्याविषयी जे बोललं जातं ते मी इथं लिहिणार नाही, वाचणाऱ्यांपैकी ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. बाहेरच्यांना वाटतं आदिवासी म्हणजे एकच. आत उतरंड आहे, आणि आम्ही वरच्या मडक्यांतले आहोत असं आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं असतं. पोरानं माझ्याकडे पाणी मागितलं. मी आत गेलो आणि स्टीलच्या पेल्यांच्या मागे ठेवलेला, कुठल्याशा लग्नातून आलेला प्लास्टिकचा ग्लास शोधला. शोधला, हे मुद्दाम लिहितो. तो समोर नव्हता. मला दोन डबे सरकवावे लागले.

बाहेर येऊन मी म्हणालो, "अहो, कालच दिली बघा."

शब्द तेच आले. मी ठरवून बोललो नव्हतो. अडतीस वर्षं ते माझ्यात पडून होते आणि वेळ आल्यावर आपोआप बाहेर आले, नाशिकच्या त्या सहा दारांतल्या सुरात.

पाऊस वाढला होता. दोघं फाटकाजवळच्या पत्र्याखाली उभे राहिले. मी खिडकीतून बघत होतो. बाप रस्त्याकडे बघत होता. पोरानं मान वर केली. वरच्या खिडकीला मी चार दिवसांपूर्वी पुठ्ठा लावला होता, स्केचपेननं लिहिलेला: 'खोली भाड्याने देणे आहे'. तो काढायचा राहिला होता. बापाला वाचता येत असेल की नाही, मला माहीत नाही. पोराला येत होतं. त्यानं तो पुठ्ठा वाचला, बापाला काही सांगितलं नाही, फाईल शर्टाच्या आत घातली आणि दोघं पावसात चालायला लागले.

मी स्वतःला त्या दिवशी बरंच काही सांगितलं. इतर मुलांना चाललं नसतं. त्यांच्या आईबापांनी खोल्या सोडल्या असत्या. माझं कर्ज चालू होतं. कर्ज चालू होतं हे खरं आहे. बाकीचं मी कुणाला विचारूनही पाहिलं नाही. ती खोली पुढं दीड महिना रिकामी राहिली आणि ऑगस्टमध्ये दाभोस्याचा धबधबा बघायला आलेल्या मुंबईच्या दोन कुटुंबांना मी ती दोन रात्रींसाठी दिली. त्यांना मी पाडा विचारला नाही. त्यांनी बिर्याणी मागवली आणि रात्री अकरापर्यंत गाणी लावली, मी काही बोललो नाही.

तो मुलगा पुढं कुठं राहिला, शिकला की बापाबरोबर भट्टीवर गेला, मला कळलेलं नाही. चौकशी करायची म्हटलं तर पाड्याचं नाव माहीत आहे. पाच-सहा वर्षांत मी गेलेलो नाही. जाऊन काय सांगणार? खोली आहे म्हणून? खोली तेव्हा होती.

भाषण झाल्या दिवसापासून हे डोक्यात घोळतंय. जिन्याच्या तोंडाची पाटी मी फेब्रुवारीत काढली. पोरांच्या लक्षात यायला आठवडा गेला, आणि मग एका संध्याकाळी वरून सुकटीचा वास आला. कॉक आता उघडा असतो. त्यामुळं दोनदा आमच्याच नळाला पाणी नव्हतं आणि मी चिडलो, उघड नव्हे, पण चिडलो. त्या मुलीच्या भावाला फोन लावला होता. त्यानं उचलला, "बोला सर" म्हणाला, आणि मी परीक्षा कशी गेली ते विचारून ठेवून दिला. तो नोकरीला लागला आहे. परीक्षा कसली असणार त्याला?

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात रंगारी आला. निळा डबा घेऊनच आला होता. "सर, खरवडायला घेऊ?" मी म्हणालो, यंदा नको. तो माझ्याकडे बघत राहिला. "मग खोली जाईल कशी?" घरातूनही तेच विचारलं गेलं. रंगाऱ्याला मी एक दिवसाची मजुरी दिली, तो डबा घेऊन गेला. नकाशा तसाच आहे, खिडकीच्या खालून सुरू होऊन कोपऱ्यापर्यंत, हाताएवढा एक पोपडा सुटलेला.

परवा सूर्यामाळकडचा एक बाप मुलीला घेऊन आला. मी दोघांना वर नेलं. मी होऊन भिंत दाखवली. म्हटलं, ही बाजू पावसात ओल धरते, पलंग इकडे नका ठेवू, करार नोंदवून देईन, पाणी दिवसभर आहे. मुलगी गज हलवून बघत होती. बापानं भिंतीला तळहात लावला, सपाट, थोडा वेळ तसाच ठेवला, मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ओल आहे म्हणता, तर दोनशे कमी करा."

माझ्या कपाळाची शीर उडाली. खरं सांगितलं त्याची ही किंमत, असं मनात आलंच.

मी शंभर म्हणालो.